दोन तारांचं घर

दिवाळीआधी घराला रंग द्यायचं ठरलं, तेव्हा माजघरातला दिवा बदलायचं काम माझ्याकडे आलं. घर लोणी काळभोरच्या गावठाणातलं, जुनं. माळवदाखालच्या तुळईला एक काळा होल्डर आणि त्यात एलईडीचा बल्ब, एवढीच तिथली रोषणाई. मी ऑनलाइन एक पितळी रंगाचा, साखळीने लटकणारा दिवा मागवला. खोकं उघडलं तर दिव्याला तीन तारा होत्या. एक तपकिरी, एक निळी आणि एक हिरवी-पिवळी. मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढले, तुळईवरचा गोल डबा उघडला. आत दोनच तारा.

गावातल्या इलेक्ट्रिशियन काकांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, हिरवी शोची असते. गुंडाळा, टेप मारा आणि आत सारून द्या. सगळं गाव तेच करतं."

सगळं गाव तेच करतं हे खरंच आहे. पण दिवा बनवणाऱ्याने शोसाठी तांब्याची तार कशाला घातली असेल? आणि आमच्या छतात ती का नाही? वायरिंग करणारा माणूस कामचुकार होता, असं उत्तर पटकन सुचतं. ते चूक आहे. त्याने त्याच्या काळाप्रमाणे काम चोख केलं होतं. त्याच्या काळाने त्याच्याकडे मागितल्याच दोन तारा.

छतात काय सापडलं

तुळईच्या कडेने सागाची अरुंद पट्टी ठोकलेली. पट्टीवर पत्र्याच्या बारीक क्लिपा आणि त्यांत आवळलेली रबराच्या आवरणाची तार. शेवटी लाकडाचा गोल ब्लॉक, त्यावर सीलिंग रोझ, त्यातून लोंबणारी वळलेली वायर आणि टोकाला बॅकेलाइटचा होल्डर. महाराष्ट्रातल्या हजारो जुन्या घरांत, चाळींत, शाळांत हेच वायरिंग होतं. पुष्कळ ठिकाणी अजून आहे.

या सगळ्यात माणसाच्या हाताला लागेल असा धातू जवळजवळ कुठेच नाही. कोरडं लाकूड वीज सहजी वाहून नेत नाही. बॅकेलाइट तर त्यासाठीच प्रसिद्ध झालं. लिओ बेकलँड या रसायनतज्ज्ञाने १९०७ साली ते तयार केलं, आणि विजेच्या सामानाला साच्यात घालून हवा तसा आकार देता येणारं, उष्णता सोसणारं आवरण मिळालं. होल्डर, बटण, सॉकेट सगळं त्याचंच होऊ लागलं. बल्ब काचेचा. आतली तार सुटली, तरी ती टेकणार कशाला? लाकडाला किंवा बॅकेलाइटला. अशा दिव्याला अर्थची तार जोडायची म्हटलं तरी जोडायला जागाच नव्हती.

म्हणजे दोन तारांचं छत अडाणीपणाने झालेलं नव्हतं. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: इथे बल्ब लागेल, आणि बल्बच लागेल.

लाइट नावाची वीज

हे गृहीतक आपल्या भाषेत अजून शाबूत आहे. पंखा थांबला तरी आपण म्हणतो, "लाइट गेली." मोटार चालत नसली तरी, "लाइट नाही." महिन्याला येतं ते लाइट बिल, मग त्यातली निम्मी युनिटं फ्रिज आणि गीझरची का असेनात. वीज आपल्याकडे दिव्याच्या रूपात घरात आली आणि तिला दिव्याचंच नाव पडलं.

मात्र या भागात वीज आधी आली ती घरांसाठी आली नव्हती. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या आसपास अडवलेलं पाणी घाटाखाली सोडून वीज करायची आणि ती मुंबईच्या कापडगिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. पुढे मुळशीचं धरण आलं. बुडणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले. धरण झालंच. त्या पाण्यावर भिऱ्याचं केंद्र १९२७ साली सुरू झालं. जमीन पुणे जिल्ह्याची बुडाली आणि वीज मुंबईला गेली.

मग रेल्वे. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. काही वर्षांतच विजेच्या तारा घाट चढून पुण्यापर्यंत आल्या आणि १ जून १९३०ला डेक्कन क्वीन सुरू झाली. त्या तारा पुण्यातच थांबल्या. पुढचं लोणी स्टेशन पुणे-दौंड मार्गावर आहे, आणि त्या मार्गाचं विद्युतीकरण व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

गावागावांत वीज न्यायची यंत्रणा स्वातंत्र्यानंतर उभी राहिली. १९४८च्या वीज पुरवठा कायद्याने राज्यांना वीज मंडळं काढता आली. मुंबई राज्याचं मंडळ १९५४ साली झालं, आणि महाराष्ट्र झाल्यावर जून १९६०मध्ये आपलं एमएसईबी. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. पुढची तीस-चाळीस वर्षं सरकारी अहवालांत एकच आकडा मिरवत राहिला: किती गावं विजेची झाली.

हा आकडा मोजायची रीत बघण्यासारखी आहे. १९९७पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कशासाठीही वीज वापरली जात असली, अगदी शेतातल्या एका पंपासाठी का होईना, की ते गाव विद्युतीकृत धरत. नंतर वस्तीत वीज पोहोचणं आवश्यक झालं. २००४मध्ये निदान १० टक्के घरांत वीज असायला हवी अशी अट आली. १९८८-८९मध्ये गरिबांसाठी कुटीर ज्योती योजना निघाली. तिच्यात घराला जोडणी मिळायची ती एका दिव्याची. खांब मोजले, पंप मोजले, दिवे मोजले. घरात किती तारा गेल्या, हे या मोजणीत कुठे नव्हतं.

आजी सांगते, ती लग्न होऊन लोणीत आली तेव्हा घरात कंदील होते. लाइट आली ती बाबा शाळेत जायला लागल्यावर. पहिले पॉइंट तीन: ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. त्या संध्याकाळी कंदिलाची काच पुसावी लागली नाही, हे तिला अजून आठवतं. तीन दिव्यांसाठी दोन तारा पुरेशा होत्या.

तिसरं भोक

मग त्या दोन तारांवर एकेक वस्तू येऊन बसली. आधी रेडिओ. मग इस्त्री, टेबलफॅन, पत्र्याच्या पट्टीतली ट्यूबलाइट. मग मिक्सर, फ्रिज, कूलर, गीझर, पाण्याची मोटार. या बहुतेक वस्तूंना धातूचं अंग असतं आणि आत मोटार नाहीतर तापणारी कॉइल. आतलं आवरण झिजलं की फेजची तार त्या अंगाला टेकू शकते. सगळा धोका इथून सुरू होतो.

यावरचा उपाय जगाला तेव्हाच माहीत होता. आपला गोल पिनांचा प्लग ब्रिटनमध्ये १९३४ साली प्रमाणित झाला, त्यात तिसरी पिन आहेच. ती इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी, की प्लग खोचताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. ब्रिटनने पुढे चौकोनी पिनांचा प्लग आणला. आपण गोल पिना ठेवल्या.

कायदाही होता. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत ३३वा नियम सांगतो, की वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो तिथे, अर्थचं टर्मिनल द्यावं. म्हणजे मीटरपाशी तिसरी तार जोडायची सोय असायला हवी. पण मीटरपासून आतलं वायरिंग घरमालकाच्या खिशातून होतं. दोन तारांत दिवा लागतो, मिक्सर फिरतो, फ्रिज थंड होतो. तिसरी तार नसेल तर काहीच अडत नाही. जी गोष्ट नसल्याचं रोज जाणवत नाही, तिच्यावर कोण पैसे घालणार?

म्हणून आपल्या घरांत तीन भोकांचे बोर्ड आले, पण वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नसायचं. आमच्या स्वयंपाकघरातला बोर्ड मी त्याच दिवशी उघडला. मागे दोन तारा. तिसरं टर्मिनल कोरं, स्क्रू अजून नव्यासारखा चकचकीत. त्याला कधी कुणी हातच लावला नव्हता.

आजी फ्रिज उघडताना पदर हाताभोवती घेते. आम्ही लहानपणापासून बघत आलोय. आम्हाला वाटायचं, ओले हात पुसत असेल. त्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "मुंग्या येतात गं. पावसाळ्यात जास्तच. तुम्ही चपला घालून फिरता, तुम्हाला कळत नाही." बिनचपलेची, ओल्या फरशीवर उभी असणारी घरातली एकटी तीच. घराचा अर्थ इतकी वर्षं ती होती.

जमिनीखालची वाट

अर्थची तार नेमकं काय करते, ते साध्या हिशेबात सांगता येतं. रोहित्रातून, म्हणजे डीपीतून, वीज फेजने येते आणि न्यूट्रलने परत जाते. डीपीपाशी न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. त्यामुळे फेजला जमिनीतूनही परतीची वाट असते. फेज फ्रिजच्या पत्र्याला टेकली आणि पत्रा कशालाच जोडलेला नसला, तर तो २३० व्होल्टवर नुसता उभा राहतो. कुणीतरी हात लावायची वाट बघत.

ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध हजार-दीड हजार ओहम धरला, तर त्याच्या अंगातून दीडशे ते सव्वादोनशे मिलिअँपिअर वीज जाईल. हृदयाची लय बिघडायला याहून कमी पुरते. आता फ्यूज बघा. पाच अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने ०.२ अँपिअर म्हणजे काहीच नाही. तो उडतच नाही. फ्यूज असतो तो तार जळू नये म्हणून. माणसाकडे तो बघत नाही. देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे सांगतात. त्यात शेतातले, खांबावरचे अपघात आले, तसे घरातलेही आले.

पत्रा अर्थला जोडला असेल, तर वीज माणसाची वाट न बघता तारेतून जमिनीत जाते. पण इथे आणखी एक मेख आहे. जमीन वीज किती घेते, ते मातीवर ठरतं. नदीकाठची काळी माती ओल धरते. माळावरचा मुरूम आणि त्याखालचा काळा पाषाण धरत नाही. म्हणून अर्थिंगचा खड्डा खोल घेतात, त्यात अडीच मीटरचा पाइप किंवा ६० सेंटिमीटरची चौरस प्लेट पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. एवढं करूनही खड्ड्याचा रोध २० ओहम राहिला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा फ्यूज त्यालाही दाद देणार नाही.

यासाठी मेन बोर्डात आरसीसीबी लावतात. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तेवढीच परत येते का, एवढंच तो बघत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की सेकंदाच्या अंशात तो पुरवठा तोडतो. त्याला स्वतःचं काम करायला अर्थची तार लागत नाही, म्हणून जुन्या घरात तो पहिल्यांदा बसवावा. मात्र अर्थ नसेल तर बिघाड झाल्याचं त्याला तुमचा हात लागल्यावरच कळतं. जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते, झटका बसायचा तो बसतोच. स्टुलावर उभं असताना तेवढा झटकाही पुरतो.

काही ठिकाणी तिसरं टर्मिनल न्यूट्रललाच जोडून मोकळं होतात. हे सर्वांत वाईट. कुठे न्यूट्रल तुटला, की अर्थच्या नावाने जोडलेलं घरातलं सगळं लोखंड फेजवर येतं. जुन्या काळी नळाच्या लोखंडी पाइपलाही तार गुंडाळत. आता मधले पाइप प्लास्टिकचे झाले, आणि ती तार कुठेच पोहोचत नाही.

विलायतेतली तीच गोष्ट

ही कहाणी फक्त आपली नाही. ब्रिटनमध्ये दिव्यांच्या सर्किटला अर्थची तार हवीच, हे तिथल्या वायरिंग नियमांच्या १९६६च्या, चौदाव्या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या घरांची छतं आमच्यासारखीच दोन तारांची. तिथेही मग लोकांनी धातूचे दिवे आणले आणि तिथेही हाच प्रश्न उभा राहिला. त्यावरचा धडा सरळ आहे: अर्थ नसलेल्या पॉइंटवर अर्थ लागणारा दिवा लावायचा नाही. दुहेरी आवरणाचा दिवा चालतो. त्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि त्याला हिरवी तार नसते. ज्याला हिरवी तार दिलेली आहे, तो दिवा ती जोडली जाईल या भरवशावर बनवलेला असतो.

आपल्याकडे छतात धातू शिरला तो मुख्यतः अलीकडे. २०१५च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली, देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. साठ वॉटच्या जागी नऊ वॉट आले. बल्ब होल्डरमध्ये होता तोवर छत निर्धास्त होतं. मग ॲल्युमिनियमची पॅनेलं आली, पत्र्याचे बॅटन आले, ऑनलाइन झुंबरं आली. बल्बसाठी ओढलेल्या तारांना आता धातू लटकू लागला.

एलईडीने जुन्या वायरिंगचं एक गुपितही उघडं केलं. बटण बंद केल्यावर बल्ब मिणमिणत राहतो, असं तुम्ही पाहिलं असेल. कधी बटणातल्या बारीक दिव्यामुळे तसं होतं. पण कधी त्याचं कारण हे, की बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं आहे. म्हणजे दिवा बंद असला तरी होल्डरपर्यंत फेज आलेली आहे. जुना साठ वॉटचा बल्ब एवढ्याशा विजेने पेटत नसे, म्हणून हे कुणाला दिसलं नव्हतं. आमचं माजघर नेमकं तसं निघालं. बटण बंद करून होल्डरला हात घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मेन बंद करायचा, मग टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो धड आहे ना ते बघायचं, आणि त्यानंतरच दोन्ही तारा तपासायच्या.

खड्डा

लोणी म्हटलं की कुणाला राज कपूर यांची राजबाग आठवते, कुणाला तिथलं आताचं विद्यापीठ, आणि ट्रकवाल्यांना तेल कंपन्यांचे डेपो. अशा डेपोत टँकर भरण्याआधी त्याला अर्थची क्लिप लावतात. तेल वाहताना साठणारी स्थिर वीज जमिनीत जावी म्हणून. धोका वेगळा, तत्त्व तेच: धातूला जमिनीशी बांधून ठेवा. काकांचा मुलगा टँकरवर आहे. मी काकांना विचारलं, "तो क्लिप शोची म्हणून सोडून देतो का?" काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन आले.

परसात खड्डा घेतला. वर काळी माती, खाली मुरूम. पाइप उतरवला, कोळसा-मीठ घातलं, तार मेन बोर्डापर्यंत आणली, आरसीसीबी बसवला. तिथून हिरवी तार फ्रिज, मिक्सर आणि गीझरच्या पॉइंटपर्यंत ओढली. माजघराच्या तुळईपर्यंत न्यायची तर सगळं वायरिंग नव्याने करावं लागेल. रबर इतकं वाळलंय, की तार वाकवली की आवरणाचे तुकडे हातात येतात. ते काम उन्हाळ्यात करायचं ठरलंय, पैसे जमतील तसं.

पितळी दिवा खोक्यात घालून परत पाठवला. माजघरात आता चौकोनात चौकोन असलेला प्लास्टिकचा साधा गोल दिवा आहे. त्याला दोन तारा पुरतात.

आजी अजूनही पदर घेऊनच फ्रिज उघडते. मात्र सकाळी तुळशीला पाणी घातलं, की उरलेली बादली ती परसातल्या खड्ड्यात ओतते. त्याला पाणी लागतं हे तिला एकदाच सांगावं लागलं.